अंधारापाशी थांबणारं स्तोत्र

दादा गेल्यावर आमच्याकडे जो कोणी भेटायला आला, त्यानं एकच प्रश्न विचारला. हेल्मेट होतं का?

होतं. पप्पा प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, "होतं. चांगल्या कंपनीचं होतं. पट्टाही लावलेला होता." मग विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरायचा. हेल्मेट नसतं तर त्यांना बरं वाटलं असतं. कारण सापडलं असतं, चहा पिऊन घरी जाता आलं असतं. आता त्यांना दुसरं कारण शोधणं भाग होतं. एवढ्या धुक्यात बाइकवरून घाटात निघायचंच कशाला? शनिवारी सकाळी निघाला असता तर? कोयनानगरची नोकरी धरलीच कशाला, साताऱ्यात काय कमी होतं? आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या काकूंनी, मम्मीचा हात हातात घेऊन, अगदी मायेनं विचारलं, "हल्ली रविवारी उपासनेला दिसत नव्हता गं तो. काही बिनसलं होतं का?"

मम्मी म्हणाली, "रविवारी ड्यूटी असायची."

"हो, हो. मी आपलं सहज विचारलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होते. मी तशीच उभी असते बहुतेक वेळा. लोकांना वाटतं ही इंग्लिश मीडियमची, हिला आपल्याशी बोलायचं नसतं. मला बोलायचं असतं, फक्त वाक्य तयार होईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

आम्ही साताऱ्याचे ख्रिस्ती. आमची मंडळी लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात, आणि कोणी गेलं की सगळेच येतात. येतात, एक गीत म्हणतात, शास्त्रातलं वचन वाचतात, लांब प्रार्थना करतात, आणि "सलाम, येतो" म्हणून निघतात. आमच्या शेजारच्या काकींचं तसं नव्हतं. त्यांची गावाकडं उसाची शेती, मुलगा फौजेत. त्या रोज दुपारी ताटलीवर ताटली झाकून भाकरी आणि पिठलं आणायच्या, दाराजवळ भिंतीला टेकून बसायच्या, आणि काही वेळानं पदर सावरून उठून जायच्या. एक शब्द नाही. पहिल्या दिवशी मला ते तुटक वाटलं. मी मम्मीला विचारलं, काकी रागावल्यात का. मम्मी म्हणाली, "नाही गं. दुःखाच्या घरातून उठताना 'येते' म्हणायचं नसतं त्यांच्यात. नुसतं उठायचं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बरंय ते."

दादा गेल्यानंतर मम्मीनं तोंडानं प्रार्थना केली नाही. उपासनेला यायची, उभी राहायची, बसायची. रात्री जेवणाआधी आमच्या घरी आळीपाळीनं प्रार्थना असते. तिची पाळी आली की ती म्हणायची, "तुम्ही करा." पप्पा करायचे. पप्पांची प्रार्थना मोठी होत गेली. ते परमेश्वराचे आभार मानायचे, दादाच्या आयुष्यासाठी, त्याच्या स्वभावासाठी, त्याला वेदना झाल्या नाहीत यासाठी. शेवटचं वाक्य आलं की मम्मी डोळे उघडायची. मला ते दिसायचं, कारण माझेही उघडे असायचे.

मी एका शाळेत लहान मुलांना शिकवते. लहान मुलांशी बोलायची मला भीती वाटत नाही. दादा होता तेव्हाच मी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाच्या एका वर्गात नाव घातलं होतं. दर शनिवारी सांगलीला जायचं. एसटीनं कराड, इस्लामपूर करत दुपारी पोचायचं, संध्याकाळी परत. दादा म्हणाला होता, "पास्टर होणारेस का? तुझा उपदेश पहिल्या बाकावर तरी ऐकू येईल का?" त्या वर्षीचा विषय होता हिब्रू धर्मशास्त्रातली काव्यं आणि शहाणपणाची पुस्तकं. तो गेल्यावर मला वर्ग सोडायचा होता. मम्मी म्हणाली, "जा. घरात बसून काय करशील? तेवढाच प्रवास होईल."

वर्ग घ्यायच्या त्या बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. सांगलीत चर्चच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली, त्या हिब्रू अक्षरं फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहायच्या. मला ती भाषा आली नाही, अक्षरं तेवढी आली. पण बाई जे सांगायच्या ते डोक्यात राहायचं. त्या कवितेत यमक नसतं. एक ओळ काही सांगते आणि दुसरी तेच पुन्हा सांगते, थोडी पुढे सरकून. "जिना चढताना दोन्ही पाय एका पायरीवर ठेवतो ना आपण, गुडघे दुखत असले की," बाई म्हणाल्या, "तसं आहे हे. पाऊल टाकायचं, दुसरं त्याच्या शेजारी आणायचं, मग पुढची पायरी." त्यांचेही गुडघे दुखत होते. खोलीला जिना होता.

पाडल्या गेलेल्या शहराची विलापगीतं आम्ही वाचली. त्यातली बरीचशी मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेली आहेत, पहिलं कडवं पहिल्या अक्षरानं, दुसरं दुसऱ्या. एका मुलानं विचारलं, "बाई, एवढं जळत असताना हे लोक मुळाक्षरं कशाला लावत बसले?"

बाई म्हणाल्या, "कारण मुळाक्षरं संपतात. रडणं कुठंतरी थांबावं लागतं, नाहीतर माणूस उठणार कधी?"

परीक्षेसाठी मी घरी मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं वाचलं नाही तर माझ्या लक्षात राहत नाही. वाचायचे इंग्रजीत, कारण देवनागरी मी अडखळत वाचते. मराठी स्तोत्रं मला कानानं पाठ आहेत, डोळ्यांनी नाहीत. मम्मी समोर घेवडा निवडत बसलेली असायची. एकदा मी राखेत बसलेल्या माणसाचं पुस्तक वाचत होते. मुलं गेली, गुरं गेली, अंगभर फोड आले, आणि त्याचे मित्र भेटायला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले. मग बोलायला लागले आणि बोलतच राहिले. तू काहीतरी केलं असशील, देव उगाच कोणाला मारत नाही.

मम्मी म्हणाली, "हे काय वाचतेस?"

मी तिला मराठीत जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे सात दिवस बरे होते," ती म्हणाली.

"हो."

"मग हेल्मेटचं विचारलं त्यांनी."

मला हसू आलं. मम्मीलाही आलं. दादा गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा, आणि दोघीही लगेच गप्प झालो. मग तिनं घेवड्याचं ताट बाजूला सारलं, कपाटातलं तिचं मराठी पवित्र शास्त्र आणलं आणि म्हणाली, "कुठंय ते? दाखव."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती मराठीत वाचायची आणि मी इंग्रजीत पाठोपाठ बघायचे. लहानपणापासून तिनं हे पुस्तक वाचलं होतं, पण वाचलं होतं म्हणजे ठरावीक पानं. तिची पानं कडेला मऊ झालेली होती आणि मधली करकरीत. आता आम्ही करकरीत पानांत होतो.

बाईंनी विलापाच्या स्तोत्रांचा साचा शिकवला. आधी हाक. मग तक्रार. मग मागणं. आणि मग, कुठंतरी, एकदम वळण: तरीही मी तुझी स्तुती करीन. जवळजवळ सगळ्या विलापांत ते वळण येतं. "एकात येत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. त्यातला माणूस रात्रंदिवस हाक मारतो, उत्तर येत नाही, जवळचे लांब होतात आणि शेवटचा शब्द अंधार असा येतो. पुढे काही नाही. पुढे दुसरं स्तोत्र सुरू होतं. "ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांना एक ओळ जोडता आली असती. फार अवघड नव्हतं. कोणी जोडली नाही."

मी त्या संध्याकाळी एसटीत ते पान उघडून बसले होते. इस्लामपूरच्या पुढे अंधार झाला आणि वाचता येईना. घरी आल्यावर मी मम्मीला ते दाखवलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पान उलटून पलीकडे बघितलं, आहे का काही म्हणून, आणि परत मागे आली.

"हे आपल्यातच आहे?" ती म्हणाली. "सगळ्यांच्या पुस्तकात?"

"सगळ्यांच्या."

"कधी कोणी वाचलं नाही."

दादाला वर्ष होत आलं होतं. आमच्यात वर्षाची आठवण म्हणून घरी प्रार्थना ठेवतात आणि त्याच सुमारास कबरीवर दगड बसवतात. प्रार्थनेत घरचं कोणीतरी वचन वाचतं, आणि जे वाचलं जातं त्यातलीच ओळ बहुधा दगडावर कोरतात. साताऱ्याच्या आमच्या दफनभूमीत नावाखाली वचन नाही असा दगड नाही. निम्म्या दगडांवर मेंढपाळाच्या स्तोत्रातली ओळ आहे, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. पप्पांनीही तीच ठरवली होती. दगड कोरणाऱ्याकडे दगड पडून होता. नाव आणि वर्षं कोरून झाली होती, खालची ओळ तेवढी सांगायची होती.

मम्मी म्हणाली, "मला हे वाचायचंय. आणि दगडावर याचीच ओळ हवी."

पप्पांनी ते वाचलं. चष्मा काढून ठेवला. "अगं, हे कसं? लोक येणार, त्यांना काय वाटेल?"

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे."

"देवावर रागावलीस असं वाटेल."

मम्मीनं पान उघडंच ठेवलं.

चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. ते तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी बराच वेळ पान समोर धरलं. "वाचा तुम्ही," ते म्हणाले. "वचनच आहे, मी कोण नको म्हणणार? दगडाचं मात्र घाई नको. तो तिथं कायम राहणार. प्रार्थना होऊ दे, मग ठरवा." पप्पांनी मान हलवली. मम्मी मला नंतर म्हणाली, "एकदा नीट वाचायला मिळालं ना सगळ्यांसमोर, तर माझं झालं. वर्षभर मी ऐकून घेतलंय. एकदा त्यांनी ऐकावं."

तेवढंच तिला हवं होतं. मी तिच्याबरोबर सराव केला. स्वयंपाकघरात ती उभी राहून वाचायची आणि मी ओट्याला टेकून ऐकायचे. वाचताना तिचा आवाज कुठंही फुटला नाही. शेवटी कसं थांबायचं हेही तिनं ठरवलं होतं. आमेन म्हणायचं नाही. बोट ओळीवर ठेवून जरा उभं राहायचं आणि मग बसायचं.

प्रार्थनेच्या दिवशी चर्चमधून खुर्च्या आणल्या. बायका सतरंजीवर बसल्या. दादाचा फोटो टीव्हीच्या जागी ठेवला होता. शेजारच्या काकी आल्या आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, दाराजवळ, भिंतीला टेकून बसल्या. मोठ्या काकू अगदी पुढे, मम्मीच्या शेजारी. त्या मंडळीत सगळ्यांत जुन्या. आमच्या कित्येकांच्या बारशाला त्या होत्या, आणि कित्येकांना त्यांनी शेवटची अंघोळ घातली आहे. दादालाही घातली असती, पण त्याला घरी आणलं तेव्हा ते शक्य नव्हतं.

गीत झालं. मम्मी उठली, चष्मा लावला आणि वाचायला लागली.

तिनं छान वाचलं. मी आजवर चर्चमध्ये इतकं चांगलं वाचन ऐकलेलं नाही. प्रत्येक ओळ ठेवायची आणि दुसरी तिच्या शेजारी आणायची, बाईंचा जिना तिला मी सांगितलेलाच होता. खोलीत हळूहळू हालचाल थांबली. कोणीतरी पुस्तकात शोधत होतं ते थांबलं. पप्पा जमिनीकडे बघत होते. ती शेवटच्या ओळीवर आली, तो शब्द वाचला आणि बोट ठेवून उभी राहिली.

पंख्याचा आवाज येत होता. मम्मी रडत नव्हती. पण मोठ्या काकूंना वाटलं की तिच्या घशात अडकलंय, तिला पुढे वाचवत नाही. तसं कोणालाही वाटलं असतं, आमच्यात कोणी तिथं थांबतच नाही. त्या घाईघाईनं उठल्या, मम्मीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बस, बाळ, बस. पुढचं मी वाचते." मम्मीच्या हातातलं पुस्तक त्यांनी घेतलं आणि जिथं तिचं बोट होतं तिथून, न थांबता, पुढे वाचायला सुरुवात केली.

पुढे दुसरं स्तोत्र होतं. ते सुरूच होतं देवाच्या दयेचं गाणं सदासर्वकाळ गाण्यानं.

खोली सुटली. मला दुसरा शब्द सापडत नाही. खांदे खाली आले, कोणीतरी "स्तुती असो" म्हणालं, दोन बायकांनी डोळे पुसले. काकू जुन्या वळणाच्या आवाजात वाचत गेल्या. जिथं गोड होतं तिथपर्यंत वाचलं आणि थांबल्या. सगळे आमेन म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं पप्पा. वर्षभरात मी पप्पांना रडताना पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत वाकून, दोन्ही हातांत तोंड धरून रडत होते, आणि पाळकसाहेब त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते.

मम्मी बसली होती. हात मांडीवर, रिकामे.

मी म्हणाले, "ते तिथंच संपतं."

मला वाटलं मी मोठ्यानं बोलले. काकूंनी वळून बघितलं. "काय गं?"

"मम्मीनं वाचलं ते. ते तिथंच संपतं. नंतरचं वेगळं स्तोत्र आहे."

काकूंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. "हो का? अगं बाई. खरंच की." त्यांना मनापासून वाईट वाटलं, ते दिसलं मला. मग त्यांनी पुस्तक मिटून मम्मीच्या मांडीवर ठेवलं. "असू दे. वेगळं असलं तरी आपल्याच देवाचं आहे. अंधारात असं कोणाला सोडून येतात का? बोला तुम्हीच."

"नाहीच," कोणीतरी म्हणालं.

"चहा ठेवा गं," काकू म्हणाल्या. "साखर कमी घाला, निम्म्यांना शुगर आहे."

मी चहा ठेवायला गेले. ट्रे घेऊन परत आले तेव्हा लोक बोलायला लागले होते. एकजण पप्पांना सांगत होता की आता घाटात कठडा बसवणार आहेत म्हणे. सगळे निघाले ते मम्मीला सलाम करून, खूप छान झालं म्हणून. शेजारच्या काकी चहाला थांबल्या नाहीत. मी दारातून पाहिलं. त्या पदर सावरून उठल्या, मम्मीकडे एकदा बघितलं आणि निघून गेल्या. 'येते' म्हणाल्या नाहीत. एरवी वर्षभरात त्या कितीदा तरी आल्या होत्या, साखर मागायला, कोथिंबीर द्यायला, आणि जाताना "येती गं पोरी" म्हणाल्या होत्या.

कप धुताना मी मम्मीला म्हणाले, "आपण पुन्हा ठेवू. तू पुन्हा वाच."

"नको."

"त्यांना कळलंच नाही."

"कळलं होतं," ती म्हणाली. "थोडा वेळ कळलं होतं. म्हणून तर काकू उठल्या." तिनं कप उपडा ठेवला. "खांद्यावर हात ठेवला ना त्यांनी, मला वाटलं झिडकारावा. मग तुझ्या पप्पांकडं बघितलं."

मी पुढचा कप विसळला.

"वर्षभर त्यांना तेच हवं होतं बहुतेक. कोणीतरी पुढचं वाचायला."

रात्री जेवण झाल्यावर पप्पांनीच विषय काढला. "दगडाचं काय सांगायचं?" मग, मम्मी काही म्हणायच्या आधी, "तुला ती ओळ हवी असेल तर घालू. मी नाही म्हणणार नाही." ते म्हणताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "मला फक्त… मी सकाळी फिरताना तेच म्हणतो गं, मेंढपाळाचं. ते म्हटलं की चौकापर्यंत पोचतो. नाहीतर पाय उचलत नाहीत."

"म्हणा तुम्ही," मम्मी म्हणाली.

"मग?"

"तुमची ओळ तिथं मला वाचवायची नाही. माझी तुम्हाला वाचवायची नाही. काही नको लिहायला."

"वचनाशिवाय?"

"तो आपल्या दोघांचा आहे."

पप्पा बराच वेळ टेबलावरच्या डागावर नख फिरवत बसले. मग त्यांनी दगड कोरणाऱ्याला फोन केला. त्याला आधी समजेना. पप्पांना तीन वेळा सांगावं लागलं. नाही, ओळ नाही. नंतर नाही, कधीच नाही.

परीक्षेत विलापाच्या साच्यावर प्रश्न आला. हाक, तक्रार, मागणं, वळण. मी नीट लिहिलं. अपवादाचं एक उदाहरण द्या, असंही होतं. तेही लिहिलं. मला चांगले गुण मिळाले, आणि बाईंनी विचारलं की पुढचा वर्ग घेणार का. अजून मी सांगितलेलं नाही.

दगड बसवायला आम्ही तिघं आणि पाळकसाहेब एवढेच गेलो. काळा, पॉलिश केलेला दगड. दादाचं नाव, जन्माचं आणि जाण्याचं वर्ष, आणि खाली अर्धा दगड मोकळा. आजूबाजूच्या सगळ्या दगडांवर खालपर्यंत अक्षरं होती. पप्पा पुढे होऊन, ओठांतल्या ओठांत, त्यांचं स्तोत्र म्हणायला लागले. मम्मी शेजारी उभी राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत, पण त्यांचं संपेपर्यंत ती थांबली.

पाळकसाहेब दगडाकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "खालचं करायचं राहिलं का त्याच्याकडून? मी सांगू का?"

"नाही," मम्मी म्हणाली. "एवढंच आहे."